चेहरे आहेत, नावे कोण सांगणार?

दिवाळीच्या आधी माळा झाडायचा, हा आपल्याकडचा न लिहिलेला नियम. गेल्या दिवाळीत आमच्या सांगलीच्या घरी तो पाळताना मोडका पाळणा, पितळी घंगाळ आणि जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे यांच्यामागून पत्र्याची एक ट्रंक निघाली. कुलूप गंजून बसले होते. ते तोडून झाकण उघडले, तेव्हा आत लोणच्याची बरणी फुटली असावी असा आंबट दर्प आला. बरणी नव्हतीच. होती ती तळहातावर मावतील अशी फिल्मची एकोणीस रिळे. काही पिवळ्या खोक्यांत, काही नुसत्याच प्लॅस्टिकच्या डब्यांत. खोक्यांवर काकांच्या बारीक, तिरप्या अक्षरात एकेक शब्द : ‘लग्न’, ‘घाट’, ‘बर्फ’, ‘आई’.

थोरले काका डॉक्टर. १९६७ मध्ये पुढच्या शिक्षणासाठी ते अमेरिकेला गेले, १९७० मध्ये आत्याच्या लग्नाला कॅमेरा घेऊन आले आणि १९७४ मध्ये कायमचे परतले. त्यानंतर काही वर्षे आमच्याकडे रविवारी रात्री भिंतीवर धुतलेली चादर टांगून ‘सिनेमा’ होत असे. मग प्रोजेक्टर बिघडला, घरात दूरचित्रवाणी आली आणि रिळे माळ्यावर गेली. २००५ आणि २०१९ या दोन्ही पुरांत कृष्णेचे पाणी आमच्या तळमजल्यात शिरले. फोटोंचे अल्बम लगदा होऊन गेले. माळ्यावरची ट्रंक तेवढी वाचली. पण ज्या माळ्याने तिला पाण्यापासून वाचवले, त्यानेच तिला पन्नास उन्हाळे भाजूनही काढले. तो आंबट वास त्या भाजण्याचा होता.

ही केवळ आमच्या घरची गोष्ट असती, तर रविवारच्या पानावर ती मांडण्याचे कारण नव्हते. पण पुण्या-मुंबईत, नागपूर-कोल्हापुरात, आणि ज्यांच्या घरातले कोणी साठ-सत्तरच्या दशकांत परदेशी गेले अशा कित्येक कुटुंबांत, अशी एखादी ट्रंक, हातपेटी किंवा निदान बिस्किटांचा डबा असणार. त्यातली फिल्म आता मरणपंथाला लागली आहे, आणि तिच्यातली माणसे ओळखणारी माणसेही वयाच्या शेवटच्या टप्प्यावर आहेत. दोन्ही घड्याळे एकाच वेळी चालू आहेत. त्यातले दुसरे अधिक वेगाने चालते, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

हौसेची फिल्म

घरगुती चलत्‌चित्रणाला शंभर वर्षे होऊन गेली. फ्रान्सच्या पाथे कंपनीने १९२२ मध्ये साडेनऊ मिलिमीटर रुंदीची फिल्म काढली, अमेरिकेच्या कोडॅकने १९२३ मध्ये १६ एमएमची. पण ती श्रीमंतांची चैन होती. १९३२ मध्ये कोडॅकने एक शक्कल लढवली. १६ एमएमच्या पट्टीची अर्धी बाजू एकदा, उरलेली अर्धी रीळ उलटवून दुसऱ्यांदा वापरायची आणि धुतल्यावर पट्टी मधोमध चिरून जोडायची. पंचवीस फुटांत पन्नास फूट फिल्म मिळू लागली. हीच ८ एमएम. १९६५ मध्ये ‘सुपर एट’ आली. तिच्यात रीळ उलटवायची कटकट नाही. बंद डबी कॅमेऱ्यात सरकवली की झाले.

गंमत अशी, की त्याच १९६५ मध्ये अमेरिकेने आपला स्थलांतराचा कायदा बदलला आणि भारतीय डॉक्टर-इंजिनिअरांना तिकडची दारे उघडली. मराठी मुले तिकडे गेली, पहिल्या पगारांतून कॅमेरे घेतले गेले, आणि बर्फात कुडकुडणारी नऊवारीतली आजी, पहिली मोटार, बाळाचे पहिले पाऊल हे सारे त्या डब्यांत बंद होऊन सांगली-साताऱ्याकडे येऊ लागले. सुपर एटच्या एका डबीत पन्नास फूट फिल्म. सेकंदाला अठरा चित्रे या वेगाने ती तीन मिनिटे वीस सेकंदांत संपते. त्यामुळे काय टिपायचे याचा विचार करावा लागे. आज आपण एका बारशाचे दोन तास चित्रण करतो आणि ते पुन्हा कधीच पाहत नाही. तेव्हा साऱ्या लग्नाला तीन मिनिटे मिळत, आणि ती पन्नास वेळा पाहिली जात.

वास येतो म्हणजे काय होते?

या फिल्मचा पाया अ‍ॅसिटेटचा असतो. उष्णता आणि दमटपणा मिळाला की तो हळूहळू विघटित होऊन त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरचेच आम्ल, सुटते. ते आम्ल पुन्हा विघटनाचा वेग वाढवते. एकदा सुरू झालेला हा रोग थांबत नाही, फक्त लांबवता येतो. फिल्म आकसते, वाकडी होते, ठिसूळ होते. शेवटी चित्राचा थर पायापासून सुटतो. आम्लाच्या वाफेने शेजारची निरोगी रिळेही लवकर बिघडू शकतात. एकवीस अंश सेल्सिअस तापमान आणि पन्नास टक्के आर्द्रता असेल, तर ताज्या फिल्मला हा रोग जडायला साधारण चाळीस वर्षे लागतात, असा अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या संस्थेचा अंदाज आहे. सांगलीच्या पत्र्याखालच्या माळ्याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. या रोगाची पहिली तक्रार कोडॅककडे गेली ती भारत सरकारकडूनच. ट्रायअ‍ॅसिटेट फिल्म १९४८ मध्ये आली आणि दहा वर्षांच्या आत आपल्या हवेने तिची परीक्षा घेतली.

म्हणून पहिले काम, रिळे नाकाशी धरून पाहणे. वास येणारी वेगळी ठेवावीत आणि त्यांचेच डिजिटल रूप आधी करून घ्यावे. घट्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नयेत. आम्ल बाहेर जायला वाट हवी. माळ्यावरून उतरवून घरातल्या सगळ्यांत थंड, कोरड्या खोलीत आणावीत. पाण्याने कधीही पुसू नयेत, चित्राचा थर पाण्याने फुगतो. सुती हातमोजे घालून, मऊ कोरड्या कापडाच्या घडीतून पट्टी हलकेच सरकवली की वरची धूळ निघते. जुने जोड याच वेळी तपासावेत, कारण त्यांवरची चिकटपट्टी वाळून सुटलेली असते.

दुसरे काम, फिल्म कोणती ते ओळखणे. जुन्या ८ एमएमची भोके मोठी आणि दोन चित्रांच्या मधल्या रेषेशी असतात. सुपर एटची बारीक आणि चित्राच्या मध्याशी. दोन्हींची रुंदी तीच, म्हणून एकीच्या यंत्रात दुसरी घालण्याचा मोह होतो, आणि भोके फाटतात.

आमची चूक

अशा वेळी सगळे जी चूक करतात, ती आम्हीही केली. भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याने जुना प्रोजेक्टर खोलला, विरघळून चिकट झालेला रबरी पट्टा बदलला, दिवा लागला आणि उत्साहाच्या भरात पहिलेच रीळ चढवले, ते ‘आई’ लिहिलेले. आजी तुळशीपाशी उभी, पदर सावरते आहे. आम्ही सगळे श्वास रोखून पाहत असताना आकसलेली फिल्म खिडकीशी अडकली. दिव्याच्या उष्णतेने पडद्यावर तपकिरी फोड आला, पसरला, आणि आजीच्या जागी पांढरा उजेड उरला. क्षणात भाच्याने दिवा बंद केला. तीन-चार चित्रे गेली. सेकंदाचा पाचवा भागही नाही. पण तेवढ्यासाठी तो दोन दिवस जेवला नाही.

तात्पर्य, जुन्या प्रोजेक्टरवर आपली मोलाची फिल्म कधीही चढवू नये. फारच हौस असेल, तर आधी टाकाऊ रिळावर यंत्र पारखून घ्यावे. भिंतीवर चित्र पाडून मोबाइलने टिपण्याचा मार्ग स्वस्त खरा, पण त्यात चित्र सतत लुकलुकते. प्रोजेक्टरच्या झडपेची पाती एकेक चित्र दोनदा-तीनदा झाकतात-उघडतात आणि त्याचा ताल कॅमेऱ्याच्या तालाशी जुळत नाही. तीन पात्यांचे यंत्र सेकंदाला पावणेसतरा चित्रांच्या जरा खाली धरता आले, तर पन्नास झपके होतात आणि सेकंदाला पंचवीस चित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्याशी जुळतात. पण निरोगी फिल्मसाठीच हा खटाटोप करावा.

घरी करण्याजोगा खरा मार्ग म्हणजे चित्रागणिक टिपणारा छोटा स्कॅनर. यात तापणारा दिवा नसतो, एलईडीचा थंड उजेड असतो. फिल्म हळूहळू सरकते, प्रत्येक चित्र थांबते, त्याचा फोटो निघतो, पुढचे येते. सेकंदाला साधारण दोन चित्रे. सुपर एटच्या एका रिळात तीन हजार सहाशे चित्रे, म्हणजे एकेका रिळाला अर्धा तास. किंमत चांगल्या मोबाइलच्या घरात जाते. आम्ही चार घरांनी मिळून वर्गणी काढली. ज्यांच्या हाताला कसब आहे, ते जुन्या प्रोजेक्टरमधला दिवा काढून तिथे एलईडी आणि धूसर काच बसवतात, मोटार मंद करतात आणि समोर जवळचे टिपणारी भिंग असलेला कॅमेरा लावतात. चित्र त्या छोट्या यंत्रांपेक्षा सरस येते. अगदी आकसलेली, चिकटून ढेकूळ झालेली फिल्म मात्र घरी सोडवू नये. ती जाणकार प्रयोगशाळेचेच काम आहे. आमच्या एकोणिसांतली दोन तशी निघाली.

दोन पथ्ये आवर्जून पाळावीत. जुनी ८ एमएम सेकंदाला सोळा चित्रांची, सुपर एट बहुधा अठराची. फाइल त्याच वेगाने करावी, नाहीतर आपले आजोबा चार्ली चॅप्लिनसारखे धावत सुटतात. दुसरे, हल्ली संगणकाला सांगितले की तो चित्र धारदार करतो, मधली नसलेली चित्रे रचतो, पुसट चेहऱ्याला नाक-डोळे काढून देतो. ते नाक-डोळे आपल्या माणसाचे नसतात. हौस म्हणून वेगळी प्रत करावी. पण एक प्रत फिल्मवर आहे तशी, ओरखड्यांसकट, हात न लावता ठेवावी.

घरीच का?

कोणी म्हणेल, एवढा उपद्व्याप कशाला? दुकानात द्यावे, पैसे मोजावेत, पेनड्राइव्ह घेऊन यावे. ज्यांना शक्य नाही त्यांनी तसे जरूर करावे. न करण्यापेक्षा ते शतपटीने बरे. पण आमचा अनुभव ऐका. १९९४ मध्ये आमच्याकडची सहा रिळे आम्ही एका दुकानात देऊन व्हिडिओ कॅसेटवर उतरवून घेतली होती. कॅसेट हाती आली, वर हार्मोनियमचे संगीत घातलेले. ‘आता या रिळांचं काही काम नाही,’ असे दुकानदाराने सांगितले आणि आम्ही ती खरेच टाकून दिली. आज त्या कॅसेटला बुरशी आहे आणि ती लावायला यंत्र नाही; व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर बनवणारी जगातली शेवटची कंपनीही २०१६ मध्ये थांबली. फिल्म असती तर ती उजेडासमोर नुसती धरली तरी दिसली असती. म्हणून डिजिटल प्रत झाली तरी मूळ रीळ टाकू नये. आणि प्रती तीन असाव्यात : एक संगणकावर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या नातेवाइकाकडे. नदीकाठच्या गावाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

पण घरी करण्याचे खरे कारण वेगळे आहे. स्कॅनर चालू असताना त्याच्या छोट्या पडद्यावर एकेक चित्र मुंगीच्या पावलांनी सरकत असते. चौऱ्याऐंशी वर्षांच्या काकू पहिल्या दिवशी सहज येऊन खुर्चीत बसल्या, आणि अर्ध्या तासाने आमच्या लक्षात आले, की त्या बोलतच आहेत. ही फिल्म मुकी. तिच्यात आवाज नाही, नावे नाहीत. लग्नाच्या पंगतीत वाढणारा एक हात दिसतो, मग क्षणभर चेहरा. आम्हा कोणालाच ती बाई माहीत नव्हती. काकूंनी तिचे नाव सांगितले, गाव सांगितले, ती आमच्याकडे स्वयंपाकाला कशी आली आणि आजीच्या शेवटच्या आजारपणात तिने काय केले तेही सांगितले. आमच्या एकाही अल्बममध्ये ती नव्हती. फोटोला घरचे लोक उभे राहत. वाढणारे, पाणी भरणारे, मांडव घालणारे कडेलाच राहत. चालत्या कॅमेऱ्याच्या चौकटीत मात्र ते नकळत येऊन गेले आहेत. त्यांना नाव देऊ शकेल असे एकच माणूस आमच्या घरात उरले आहे. दुकानातल्या यंत्राशेजारी काकूंची खुर्ची नसती.

तेव्हापासून आम्ही स्कॅनरशेजारी मोबाइल ध्वनिमुद्रणाला लावून ठेवू लागलो. प्रत्येक रिळाच्या फाइलला साल, गाव, प्रसंग अशी नावे दिली आणि सोबत काकूंच्या बोलण्याची फाइल जोडली. कधी कधी त्या हात वर करत : ‘हे कुणाला दाखवू नका रे.’ एका रिळात नात्यातल्या एका बाईंचे पहिले लग्न आहे, जे पुढे टिकले नाही. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर सारे ओतण्याआधी ज्यांचे आयुष्य त्यात आहे त्यांना विचारणे, हेही या कामाचे एक अंग आहे.

फिल्म हे कारखान्यातच हाताळण्याचे प्रकरण आहे, असा धाक बाळगण्याचे आपल्याला तर काहीच कारण नाही. दादासाहेब फाळके यांनी कुंडीतल्या वाटाण्याचा वेल कसा वाढतो हे १९१२ मध्ये टिपले ते घरीच. कोऱ्या फिल्मला भोके पाडण्याचे काम सरस्वतीबाईंनी केले तेही घरात, संसार सांभाळून. भारतीय चित्रपटाचे पहिले पाऊल एका मराठी घराच्या उंबऱ्याआत पडले आहे.

घराचे ते गावाचे

घरगुती फिल्मला किंमत काय, असे कोणी विचारील. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येचा सर्वांत महत्त्वाचा दृश्य पुरावा, १९६३ मधले ते सव्वीस सेकंद, कपड्यांचा धंदा करणाऱ्या एका गृहस्थाने ८ एमएमच्या घरगुती कॅमेऱ्याने टिपलेले आहेत. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकनांना छावण्यांत डांबले गेले. त्यांतल्या युटामधल्या टोपाझ छावणीत डेव्ह टाट्सुनो यांनी लपवून आणलेल्या कॅमेऱ्याने केलेले चित्रण १९९६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत दाखल झाले. इकडे हिंदुस्थानात राहिलेल्या ब्रिटिश कुटुंबांच्या घरगुती फिल्म केंब्रिज विद्यापीठाच्या दक्षिण आशिया अभ्यास केंद्राने जपल्या आहेत. साहेबांच्या बागेतल्या मेजवान्या, त्यांची शिकार, त्यांचे कुत्रे उद्याच्या अभ्यासकाला पाहायला मिळतील. आणि आपली मंगळागौर, आपला आयर्विन पुलाखालचा घाट, आपल्या पंगती? त्या माळ्यावर आंबत आहेत.

पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून उभे आहे, पण त्याचा भर साहजिकच चित्रपटांवर. घरोघरच्या डब्यांपर्यंत त्याचा हात पोहोचावा अशी अपेक्षा रास्त नव्हे. पोहोचू शकतात ती आपली वाचनालये. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने महाराष्ट्रात गावोगाव अनुदानित वाचनालयांचे जाळे विणले गेले आहे. त्यांतल्या मोठ्या वाचनालयांनी एकेक स्कॅनर घ्यावा. महिन्यातला एक रविवार ठरवावा. लोकांनी आपली रिळे आणावीत, एखाद्या मुलाने यंत्र चालवावे आणि गावातल्या वृद्धांनी खुर्च्या टाकून बसावे. परदेशांत २००३ पासून ‘होम मूव्ही डे’ या नावाने असे मेळावे भरतात. ज्या कुटुंबाची इच्छा असेल त्याने एक प्रत वाचनालयाला द्यावी. यात मोठा खर्च नाही आणि सरकारी आदेशाची वाटही पाहायला नको.

मात्र तोवर घरच्यांनी थांबू नये. या दिवाळीत माळा झाडाल, तेव्हा डबे नुसते पुसून पुन्हा ठेवू नका. उघडा, हुंगा, खाली आणा. आणि स्कॅनर मिळायचा तेव्हा मिळो, घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाशेजारी आजच बसा. फिल्म कदाचित आणखी दहा वर्षे वाट पाहील.

आमच्या सतरा रिळांत काका कुठेच नाहीत. कॅमेरा त्यांच्या हाती असे. शेवटच्या रिळात मात्र घाटाच्या पायऱ्यांवर संध्याकाळची एक लांब सावली पडलेली आहे, दोन्ही हात डोळ्यांपाशी नेलेली. आम्ही ती पाहून पुढे गेलो होतो. काकूंनी थांबवायला सांगितले. बराच वेळ पाहून म्हणाल्या, ‘लिहून ठेव. हे ते.’